ट्रेनिंगला गेलेल्याच्या जागी कोण?

वादाला कारण झाली सुहासची फाइल. सुहास सीए. महापालिकेतल्या एका साहेबांनी ओळखीत शब्द टाकला म्हणून अग्निशमन दलाच्या अनुदान प्रस्तावाचे आकडे जुळवून देतोय, तेही फुकटात. कटिंग येईपर्यंत त्याने मसुदा कट्ट्यावर पसरला. समोर रात्रपाळी करून आलेला संत्या बसलेला, आणि संत्या त्याच दलात फायरमन.

‘क्षमतावृद्धी व प्रशिक्षण’ या मथळ्याखाली यादी होती. स्मोक चेंबर (धूर भरून सराव करायची खोली), ड्रिल टॉवर, बीए सेट (धुरात श्वास घ्यायचा मास्क आणि हवेचा सिलिंडर), प्रोजेक्टर, खुर्च्या.

‘खुर्च्या कशाला?’

‘वर्गात बसायला.’

‘वर्गात बसून धूर कळतो होय रे?’ संत्याने ग्लास खाली ठेवला. ‘ऐक. तोंडावर मास्क, पाठीवर सिलिंडर. कागदावर तो पाऊण तास चालतो. होज म्हणजे पाण्याचा पाइप ओढत तीन जिने चढलास आणि त्यात घाबरलास की अर्ध्या तासातच शिट्टी वाजायला लागते. शिट्टी म्हणजे हवा संपत आली, बाहेर निघ. काळ्याकुट्ट धुरात ती पहिल्यांदा कानाशी वाजली ना, की हात आपोआप मास्क काढायला जातो. काढलास की संपलास. ही हाताची खोड मोडायची तर धुरात पुन्हा पुन्हा उतरावं लागतं, दर महिन्याला. भरतीच्या वेळी एकदा शिकवलं आणि झालं, असं नसतं ते.’

‘मग त्यासाठीच तर चेंबर मागतोय!’

‘चेंबर बांधशील. त्यात उतरायला माणूस कुठून आणशील? गाडीवर ड्रायव्हर, तांडेल म्हणजे आमचा म्होरक्या, आणि तीन-चार जण तरी हवेत. आमच्याकडे कधी कधी तांडेल धरून तिघं. त्यातला एक ट्रेनिंगला गेला आणि आगीची वर्दी आली, तर होज काय तू धरणार?’

यावर सुहासकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्याने योजनाच समजावून सांगितली. (सीए माणसं अडली की पहिल्यापासून सुरू करतात.) पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना काढली. बहुतेक राज्यांनी आपला २५ टक्के वाटा घालायचा, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांनी १०. पाच हजारांतले ५०० कोटी वेगळे काढलेले, जी राज्यं अग्निशमनाचे कायदे आणि यंत्रणा सुधारतील त्यांच्यासाठी. ‘पण शहर थेट दिल्लीला अर्ज करू शकत नाही,’ तो म्हणाला. ‘आपण राज्याच्या संचालनालयाकडे मागायचं, राज्य सगळ्यांचं एकत्र करून वर पाठवणार. पंधराव्या आयोगाचा काळ मार्च २०२६ पर्यंतचा. त्यापुढचं सोळाव्याच्या हिशेबात.’

‘म्हणजे आग विझवणं घटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे नगरपालिकेचं, आणि पैसा मागायचा तिसऱ्याच दारात,’ प्राची म्हणाली. तिची बहीण अमेरिकेत एका शहराच्या बजेट विभागात आहे, त्यामुळे आता काय येणार ते आम्हाला कळलंच. ‘तिकडे २००१ पासून एक अनुदान आहे. फायर डिपार्टमेंट स्वतः फेमाकडे, म्हणजे तिथल्या केंद्राच्या आपत्ती खात्याकडे, अर्ज करतं. अर्ज वाचायला कोण बसतं? दुसऱ्या गावांतले फायरवालेच. शहराचा वाटा लोकसंख्येप्रमाणे. वीस हजारांपर्यंत ५ टक्के, दहा लाखांपर्यंत १०, त्यावर १५.’

‘झालं अमेरिकापुराण सुरू,’ सुहास.

‘पुढचं तर ऐक. ट्रेनिंगसाठी मागताना कोर्सच्या फीबरोबर आणखी एक खर्च लावता येतो. जो माणूस शिकायला गेला, त्याच्या जागी दुसरा उभा करायचा पगार किंवा ओव्हरटाइम.’

संत्या एकदम सरळ बसला. ‘हे! हेच म्हणतोय मी मघापासून. हा रकाना कुठाय तुझ्या फाइलीत?’

रकाना नव्हता. पण मला वाटतं यात सुहासचा दोष कमी. आपल्याकडे अनुदानाचा प्रस्ताव म्हणजे विकत घ्यायच्या वस्तूंची यादी, अशीच सवय सगळ्यांना लागलीय. बंबापुढे नारळ फोडता येतो, फोटो निघतो. सहा जण महिनाभर गुडघ्यावर रांगत धुरातून बाहेर पडायला शिकले, याचं उद्घाटन कसं करणार?

अण्णा इतका वेळ गप्प होते. पालिकेच्या आस्थापना विभागातून निवृत्त झालेला माणूस, घाईने बोलत नाही. ‘रकाना घातलास तरी तो आमच्या टेबलावर येऊन बसेल,’ ते म्हणाले. ‘आस्थापना खर्च, म्हणजे पगारपाणी, ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, अशी शासनाची अट. ती ओलांडलेल्या पालिकेला भरती म्हटलं की घाम फुटतो. आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या मंजूर तक्त्यात, पदं आहेत, भरलेली नाहीत. इमारत भांडवली खर्चात जाते, माणूस महसुली खर्चात. इमारतीला कोणी अडवत नाही.’

‘मग अण्णा, सीएसआरमधून, कंपन्यांच्या समाजकार्याच्या पैशातून मागू,’ सुहास. ‘एमआयडीसीतल्या कंपन्या आहेत. आपत्ती व्यवस्थापन त्यांच्या यादीत बसतं.’

‘कंपनी गाडी देईल, नाव रंगवून. संत्याच्या जागी माणूस देणार आहे का?’

मग सुहासने जरा वर्मी लागेल असं काढलं. ‘ट्रेनिंगने सगळं होतं असंही नाही. २०१५ला काळबादेवीत गोकुळ निवासची आग लागली, इमारत कोसळली. मुंबईचे चार अधिकारी गेले, त्यांत मुख्य अग्निशमन अधिकारी. त्यांच्यापेक्षा जास्त शिकलेलं कोण होतं?’

कोणीच लगेच बोललं नाही. संत्या बोलला तेव्हा आवाज खाली आला होता. ‘साहेब आत गेले, कारण त्यांना जायचं कसं हे माहीत होतं. माझ्यासारखा आत जायचं की नाही हेच ठरवू शकत नाही. जुनी लाकडी माडी कधी बसते, भिंत कुठे फुगते, हे ओळखायला मला कोणी नेऊनच दाखवलेलं नाही. १४ एप्रिलला १९४४च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या दलाच्या ६६ जणांची आठवण काढून आम्ही मानवंदना देतो. मग आठवडाभर शाळांत सिलिंडरची आग विझवून दाखवतो. टाळ्या पडतात. ते लोकांचं ट्रेनिंग झालं. आमचं कधी?’

सुहासने पेन काढलं. एकदाचं. खुर्च्या आणि प्रोजेक्टर खोडले. वर्गासाठी पालिकेच्या शाळेचा हॉल रविवारी मोकळाच असतो, हे अण्णांनी सुचवलं. मग फायरमनच्या सहा महिन्यांच्या कोर्सला कालिन्याच्या राज्य अकादमीत किती पाठवायचे, तांडेल आणि वरच्यांना नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात किती, आणि तेवढे दिवस गाडीवर कोण, असा तक्ता त्याने फाइलीच्या पाठीवरच आखला. केंद्राच्या पैशातून शेवटचा रकाना निघेल हे त्यालाही पटलेलं नाही. तो म्हणतो, केंद्राकडे चेंबर आणि बीए सेट मागू, आणि बदली माणसांचा खर्च पालिकेने नव्या इमारतींकडून घेतलेल्या अग्निशमन शुल्कातून द्यावा, असा ठराव सोबत जोडू. ते पैसे आगीच्या नावाने घेतलेत, आगीसाठीच जाऊ देत.

‘ठराव स्थायी समितीत अडकेल,’ अण्णा.

‘अडकू दे. कुणी अडकवला ते इतिवृत्तात तरी येईल.’

‘आणि बदलीवर कुणाला घ्यायचं?’ संत्याने विचारलं. ‘कंत्राटी पोरं घेणार असाल तर आधी सांगा. त्यांना मास्क कसा लावायचा तेसुद्धा मलाच शिकवावं लागणार.’

यावर सुहास आणि अण्णा दोघंही एकदम बोलायला लागले, आणि प्राचीने आणखी एक चहा सांगितला.