'अमेरिकेत वेड्यालाही बंदूक मिळते' : त्या फॉरवर्डचा एकदा हिशोब

परत तो मेसेज फिरायला लागलाय. अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की दोन-चार दिवसांत येतोच, शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, इकडच्या मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात मजकूर असा: अमेरिकेत वेड्यांच्या हॉस्पिटलातून सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुकानातून बंदूक घेऊ शकतो, अडवणारा कायदाच नाही; होता तो ट्रम्पनी 2017 ला रद्द केला; पुरावा म्हणून व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला गोळीबार; सगळे गोळीबार वेडेच करतात, त्यांना कोंडा म्हणजे प्रश्न मिटला; आणि शेवटी आपल्या लोकांना सल्ला, की तिकडे मुलांना मानसोपचारवाल्याकडे पाठवू नका, नाव थेट एफबीआयकडे जातं.

पहिली आणि शेवटची ओळ एका दमात वाचा. कायदाच नसेल तर नाव एफबीआयकडे कशाला जाईल बाबा?

तर पहिला मुद्दा, कायदा नाही. आहे, आणि 1968 पासून आहे. त्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी दोघांचेही खून झाले आणि ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसाहेबांनी गन कंट्रोल ॲक्टवर सही केली. आज त्या कायद्याप्रमाणे ज्याला कोर्टानं किंवा तशाच अधिकृत बोर्डानं मानसिक कारणावरून स्वतःला किंवा दुसऱ्याला धोकादायक ठरवलंय, किंवा ज्याला ऑर्डर काढून सक्तीनं मेंटल हॉस्पिटलात भरती केलंय, त्याला बंदूक विकत घेता येत नाही आणि जवळ ठेवताही येत नाही. नुसतं दुकानदारानं विकू नये एवढंच नाही, घरात सापडली तरी गुन्हा. दुकानात गेलं की 4473 नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हा प्रश्न सरळ छापलेला असतो आणि खोटं उत्तर दिलं तर तो वेगळा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालचा, गुन्हा. मग दुकानदार चेक लावतो, म्हणजे घेणाऱ्याचं नाव बंदी असलेल्यांच्या सरकारी यादीशी ताडून बघतो, ती सिस्टिम 30 नोव्हेंबर 1998 ला सुरू झाली.

दुसरा मुद्दा ट्रम्पचा, आणि हा पसरवणाऱ्यांत शिकलेले लोक जास्त आहेत म्हणून जरा नीट. ओबामांच्या शेवटच्या दिवसांत, डिसेंबर 2016 मध्ये, सोशल सिक्युरिटी खात्यानं एक नियम काढला होता: मानसिक आजारामुळं ज्यांना डिसॅबिलिटीचे पैसे मिळतात आणि ते पैसे सांभाळायला खात्यानं दुसरा माणूस नेमून दिलाय, अशांची नावं त्या बंदीच्या यादीत पाठवायची. अंदाज वर्षाला 75 हजार नावांचा होता. जज्ज नाही, सुनावणी नाही, फक्त खात्याची फाइल. त्याला विरोध बंदूकवाल्यांनी केलाच पण एसीएलयू या नागरी हक्कांच्या संघटनेनंही केला, अपंगांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या संघटनांनीही केला. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, तो रद्द केला आणि 28 फेब्रुवारी 2017 ला ट्रम्पनी सही केली, म्हणजे नियम पुरता अमलात यायच्या आधीच गेला. 1968 च्या कायद्याचा यात स्वल्पविरामही हलला नाही. माझं मत विचाराल तर स्वतःचे पैसे सांभाळता येत नाहीत म्हणून माणूस धोकादायक, हे गणित मला तेव्हाही पटलं नव्हतं. तुम्हाला पटत असेल तर त्यावर भांडू, पण 'ट्रम्पनी कायदा काढला' हे खोटं ते खोटंच.

आता व्हर्जिनिया टेक. इथं मेसेज लिहिणारा खऱ्याच्या जवळ पोचलाय आणि तिथूनच चुकीच्या गल्लीत शिरलाय. 16 एप्रिल 2007, 32 जण मारले गेले, त्यात मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला गेलेली एक मुलगीपण होती, त्यामुळं आपल्याकडच्या पेपरांत बरेच दिवस येत होतं. मारणाऱ्या मुलाला डिसेंबर 2005 मध्ये एक रात्र हॉस्पिटलात ठेवून दुसऱ्या दिवशी सुनावणी झाली, जज्जांनी लिहिलं की याला स्वतःपासून धोका आहे, पण भरती करण्याऐवजी बाहेरून उपचार घे अशी ऑर्डर दिली. फेडरल कायद्याप्रमाणे तेवढ्यावरच त्याला बंदूक बंद व्हायला हवी होती. पण व्हर्जिनिया राज्य आपल्या यादीत नावं पाठवायचं ती मुख्यतः हॉस्पिटलात सक्तीनं भरती केलेल्यांची, बाहेरून उपचारवाल्यांची नाही. ऑर्डर कोर्टाच्या फाइलीत राहिली, सिस्टिमला पत्ताच नाही. फेब्रुवारी 2007 मध्ये त्यानं पहिलं पिस्तूल घेतलं आणि मार्चमध्ये दुसरं, मधे महिना गेला कारण तेव्हा व्हर्जिनियात महिन्याला एकच पिस्तूल घेता यायचं. गंमत बघा, तो नियम बरोबर लागू झाला आणि महत्त्वाचा होता तो नाही. दोन्ही वेळा चेकमध्ये काही निघालं नाही कारण निघायला तिथं काही नव्हतंच.

म्हणजे कायदा होता, कागद पोचला नाही. आणि कागद पाठवायची सक्ती वॉशिंग्टनमधलं केंद्र सरकार राज्यांवर करू शकत नाही, 1997 च्या प्रिंट्झ खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की राज्याच्या अधिकाऱ्यांना फेडरल कामाला जुंपता येणार नाही. म्हणून व्हर्जिनिया टेकनंतर जानेवारी 2008 मध्ये जो कायदा आला त्यात पैशाचं गाजर आहे, नावं पाठवा आणि ग्रँट घ्या. त्यानंतर यादी बरीच भरली. एक भोक मात्र अजून तसंच आहे आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाहीये: लायसनवाला दुकानदार नसलेल्या माणसाकडून, म्हणजे शेजारी, ओळखीचा, कुणाकडूनही घेतलं तर फेडरल कायद्यानं चेकच लागत नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी आपापले कायदे करून ते बुजवलंय, बऱ्याच राज्यांनी नाही.

'हॉस्पिटलात जाऊन आला की नाव लागतं' ही समजूतही चुकीची. स्वतःहून भरती झालात, किंवा नुसतं निरीक्षणासाठी ठेवलं, तर फेडरल बंदी लागत नाही. मेन राज्यातल्या लुइस्टनचा गोळीबार आठवतोय ना, ऑक्टोबर 2023, 18 जण गेले. मारणारा रिझर्व्ह सैनिक त्याच जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात दोनेक आठवडे होता, पण यादीत नाव नव्हतं. ऑगस्टमध्ये बंदुकीचा सायलेन्सर घ्यायला दुकानात गेला, फॉर्मवर त्यानं स्वतःच त्या प्रश्नाला 'हो' अशी खूण केली आणि दुकानदारानं दिला नाही. सिस्टिमनं नाही, त्याच्या स्वतःच्या उत्तरानं अडवलं! बंदुका आधीच घरात होत्या, त्या काढून घ्यायला मेनमध्ये 'यलो फ्लॅग' कायदा होता, तो कुणी वापरलाच नाही. उलट कॅलिफोर्नियात बघा, 72 तासांसाठी धोकादायक म्हणून आत घेतलं तरी 5 वर्षं बंदी. एकाच देशात इतका फरक आहे, त्यामुळं 'अमेरिकेत असं असतं' अशी कुठलीही ओळ दिसली की आधी राज्य कुठलं ते विचारायचं.

चौथा मुद्दा, वेड्यांना कोंडा. अभ्यासांत वारंवार येणारा आकडा असा की एकूण हिंसाचारातला गंभीर मानसिक आजारामुळं होणारा भाग 4 टक्क्यांच्या आसपास. तो उद्या शून्य केला तरी 96 राहतातच. मानसिक आजार आणि बंदूक यांचं खरं नातं दुसरीकडे आहे: 2022 मध्ये अमेरिकेत बंदुकीनं 48 हजारांवर माणसं मेली आणि त्यातल्या 27 हजारांच्या आसपास आत्महत्या. औषधाच्या गोळ्या खाल्लेला माणूस बऱ्याचदा वाचतो, बंदूक लावलेल्या दहांपैकी आठ-नऊ वाचत नाहीत. या बंदीचा मोठा उपयोग तिथं आहे, मॉलमध्ये नाही. आणि कोंडायचीच भाषा करायची तर मिशिगनच्या हिल्सडेल काउंटीतल्या एका म्हाताऱ्याची केस वाचा: 1986 च्या सुमारास घटस्फोटात पार खचला, महिनाभराच्या आत हॉस्पिटलातून बाहेर, पुढं नोकरी केली, दुसरं लग्न केलं, पुन्हा तसा त्रास नाही, तरी बंदी आजन्म, कारण त्याच्या राज्यात ती उठवायचा अर्जच कुठं करायचा ते ठरलेलं नव्हतं आणि फेडरल खात्याला असे अर्ज बघायला 1992 पासून काँग्रेसनं पैसाच दिला नव्हता. 2016 मध्ये अपील कोर्टानं त्याचा दावा पुढं चालू द्यावा असं म्हटलं. मेसेज म्हणतो काहीच अडवत नाही, आणि हा माणूस तीस वर्षं अडकून.

राहिला तो मुलांचा सल्ला, ज्याचा मला सगळ्यात राग येतो. काउन्सेलरकडे गेलं, डिप्रेशनची गोळी सुरू केली, कॉलेजच्या हेल्थ सेंटरला जाऊन रडलं, यातलं काहीही फेडरल बंदीत बसत नाही. न्यूजर्सीत बंदुकीचा परवाना मागायला गेलात तर मात्र मानसिक उपचारांबद्दल विचारतात आणि रेकॉर्ड बघायला सही करून संमती द्यावी लागते, पण ते परवाना मागणाऱ्याला, डॉक्टरकडे जाणाऱ्याला नाही. आणि ज्यांचा मुलगा किंवा मुलगी एफ-वन (शिक्षणाच्या) नाहीतर एच-वन-बी (नोकरीच्या) व्हिसावर आहे त्यांनी तर ही काळजी करूच नये, त्या व्हिसावर शिकारीच्या लायसनसारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक जवळ ठेवायला तसंही कायद्यानं मनाई आहे, डोकं कितीही ठिकाणावर असलं तरी.