‘बडोद्यात समुद्र नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

टू-स्ट्रोक आउटबोर्डची (नावेच्या मागे लावतात त्या इंजिनाची) देखभाल आणि सुटे भाग यांवरच्या माझ्या लेखाखाली रत्नागिरीच्या एका वाचकांनी लिहिलं आहे:

“बडोद्यात समुद्र नाही, तळी आहेत. तिथे बसून आउटबोर्डवर लिहिणाऱ्यांनी दरवर्षी इंपेलर बदलायला सांगणं म्हणजे दुकानदारांची तळी उचलणं. आमचा इंपेलर चार वर्षं चालला. ऑइल पंपावरचं टू-टी वापरतो, बेअरिंग-सील बाजारातून घेतो, काही बिघडलं नाही. आणि सुटे भाग शोधत गावोगाव फिरण्यापेक्षा सरळ फोर-स्ट्रोक घ्या, हे लिहायला काय हरकत होती?”

खाली चार ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो. ते वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय. (नवख्यांसाठी: इंपेलर म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक. टू-टी म्हणजे पेट्रोल पंपावर मिळणारं, पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं ऑइल.)

महोदय, प्रथम आभार. आपण लेख वाचलात, निदान इंपेलरच्या परिच्छेदापर्यंत तरी वाचलात. टीकेचं मला वावडं नाही. पण टीका करण्याची एक रीत असते. मी त्या लेखात एकाही दुकानाचं नाव घातलेलं नाही, आणि ते मुद्दाम. नाव घातलं की लगेच ‘किती मिळाले?’ असं विचारणारा कोणीतरी उगवतो. नाव न घालताही तो उगवलाच, त्याला माझा इलाज नाही.

आता समुद्राचं. बडोद्यात समुद्र नाही हे आम्हाला ठाऊक आहे, आम्ही इथेच राहतो. पण जंबुसरच्या रस्त्याने गाडी काढली की दोनेक तासांत कावी-कंबोई येतं. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला उघडं पडतं, ते पाहायला महाराष्ट्रातूनही गाड्या भरून लोक येतात. ते खंभातचं आखात. त्याच आखातात पलीकडे भावनगरला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो. तुमच्या रत्नागिरीला तो दोन-तीन मीटरचा. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं तेव्हा ते मही आणि नर्मदेचा सगळा गाळ ढवळून काढतं. ग्लासात धरलं तर पलीकडचं दिसत नाही. तेच पाणी पंपाने ओढून इंजिन थंड करायचं असतं. भाडभूतला हिलसा मासा धरणाऱ्यांच्या नावा याच पाण्यात चालतात. हा समुद्र नसेल तर नसो बापडा. इंपेलर मात्र तुमच्या समुद्रापेक्षा इथे लवकर खलास होतो, कारण पंपाच्या कपात पाण्याबरोबर बारीक रेती फिरत असते. रबराची पाती झिजतातच, खालची स्टीलची वेअर प्लेटसुद्धा खरवडली जाते.

माझ्याबद्दल विचारलं नाहीत, पण सुचवलंत, म्हणून सांगतो. वडिलांचं दांडिया बाजारात स्कूटरचं गॅरेज होतं. वही-पुस्तकाआधी माझ्या हातात चेतकचा पिस्टन आला. टू-स्ट्रोकचा आवाज ऐकून मिश्रणात ऑइल कमी की जास्त, हे मला शाळेत असताना कळत होतं. हे मिरवायला लिहीत नाही (थोडं मिरवायलाच लिहितोय, पण वेळ तुम्ही आणलीत). पुढे कावीकडचे मच्छीमार टेम्पोत इंजिनं टाकून आमच्याकडे यायला लागले. टू-स्ट्रोक उघडून परत चालू करून देणारा माणूस त्यांना तेवढ्या अंतरात दुसरा सापडत नव्हता.

त्यातलं एक इंजिन सांगतो. यामाहाचं १५ हॉर्सपॉवरचं, वरच्या सिलिंडरचा पिस्टन जाम झालेला. मालकाचं म्हणणं, ऑइल कमी पडलं असणार, कारण “भाई, धार तर येत होती.” धार म्हणजे इंजिनाच्या मागून बारीक पाणी उडतं ती. मेकॅनिक लोक तिला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. खालचा पाय (इंजिनाचा पाण्यात बुडणारा भाग, पंप त्यातच असतो) उतरवला तर इंपेलरची निम्मी पाती गायब. तुटलेला एक तुकडा वर जाणाऱ्या पाण्याच्या नळीत अडकलेला. हेडचं कव्हर काढलं तर पाण्याच्या वाटेत चिखल भाजलेल्या विटेसारखा बसलेला. धार येत होती हे खरंच होतं. थोडं पाणी वर पोहोचलं तरी धार दिसते. ती पुरेशी आहे की नाही, हे धार सांगत नाही. म्हणून ‘काही बिघडलं नाही’ या वाक्यावर माझा विश्वास कमी आहे. बिघडेपर्यंत कोणाचंच काही बिघडलेलं नसतं.

बरं, गोड्या पाण्याचं काय? बडोद्याजवळच्या अजवा तलावात रेती कमी, मान्य. पण तिथली इंजिनं महिनोन्‌महिने उभी असतात, आणि उभ्या इंजिनात पाती एकाच बाजूला वाकून तशीच कडक होतात. नंतर इंजिन चालू केलं तर पंप अर्धंच पाणी देतो. शिवाय कोणीतरी हौशी माणूस ‘चालतंय का बघू’ म्हणून कोरड्यावर दोरी ओढतो. पाणी नसताना रबर पंपात घासलं की जळायला फार वेळ लागत नाही. पुरात वेगळीच तऱ्हा. २०१९च्या ३१ जुलैला इथे एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस झाला. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वस्त्यांमध्ये शिरली. असल्या पाण्यात बोट घातली की प्लास्टिकच्या पिशव्या येऊन पाणी घेणाऱ्या जाळीवरच चिकटतात. त्या इंजिनाचा इंपेलर पूर ओसरल्यावर न पाहणं हा निष्काळजीपणा आहे, आणि तिथल्या मगरींच्या गोष्टी सांगत बसलो तर उत्तर संपायचं नाही.

कंपन्यांची मॅन्युअलं दरवर्षी ‘तपासा’ म्हणतात, मी ‘बदला’ म्हटलं, हा फरक आपण धरू शकला असतात. धरला नाहीत, म्हणून मीच सांगतो. तपासायचं तर पाय उतरवावाच लागतो. गिअरची दांडी सोडवायची, खाऱ्या पाण्याने जाम झालेले बोल्ट न तोडता काढायचे, इंपेलर दांड्यावर अडकवणारी छोटी चावी न हरवता सगळं परत बसवायचं. एवढी मेहनत करून जुनंच रबर परत घालणारा माणूस काटकसरी नाही, हट्टी आहे. तुमच्याबद्दल म्हणत नाही, सर्वसाधारण विधान आहे.

बेअरिंगबद्दल मात्र आपलं म्हणणं रास्त आहे, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. ६२०५ नंबरचं बेअरिंग म्हणजे २५ बाय ५२ बाय १५ मिलिमीटर, मग ते कंपनीच्या डब्यात येवो की बाजारातल्या. चांगल्या मेकचं घ्या. फक्त क्रँकवरच्या जुन्या बेअरिंगवर सी३ लिहिलेलं असेल तर नवंही सी३च घ्या. ते जास्त मोकळं असतं. साधं घातलं तर तापल्यावर आवळतं. सीलचंही तेच, माप जुळलं पाहिजे आणि रबर पेट्रोलला टिकणारं पाहिजे.

ऑइलवर वाद घालत नाही. पंपावरचं टू-टी हवेवर थंड होणाऱ्या स्कूटरसाठी बनतं. त्यात धातूयुक्त डिटर्जंट असतात आणि त्यांची राख होते. आउटबोर्ड पाण्यावर थंड होतं, थंडच राहतं, त्याला राख न करणारं टीसी-डब्ल्यू३ लागतं. ५० ला १, म्हणजे पेट्रोलच्या लिटरला २० मिली. एवढ्यात वाचवायचं असेल तर वाचवा, प्लग तुमचा आहे.

गावोगाव फिरण्याचं म्हणाल, तर नंबर वाचता येत असेल तर फिरावं लागत नाही. यामाहाच्या नंबरात मधले पाच आकडे भागाचा प्रकार सांगतात. ४४३५२ म्हणजे इंपेलर. आधीची तीन अक्षरं मॉडेलची, १५ हॉर्सपॉवरच्या त्या इंजिनाला ६३व्ही. त्या पाचांपुढचे दोन आकडे भागातल्या सुधारणेचे. हा नंबर वेरावळला किंवा कोचीला फोनवर सांगा, पार्सल येतं. ज्यांच्याकडे जुनं जॉन्सन किंवा एव्हिनरूड आहे त्यांची गोष्ट निराळी. ती बनवणारी ओएमसी कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली, पुढे बीआरपी या कंपनीने २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनच थांबवलं. त्यांना शोधावंच लागतं. नुसतं ‘चाळीसच्या यामाहाचा इंपेलर द्या’ म्हणणाऱ्याला कुठल्याही गावात चुकीचाच मिळणार.

फोर-स्ट्रोकचा सल्ला चांगला आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि लेखाचं शीर्षकच ‘टू-स्ट्रोक’ होतं.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. एकच विनंती: तो चार वर्षांचा इंपेलर अजून आत असेल तर पाय उतरवा आणि त्याचा फोटो टाका. पाती बाजूने दिसतील असा, आणि खालच्या वेअर प्लेटचाही. सोबत इंजिनाचं मॉडेल लिहा, नुसतं ‘यामाहा’ नको.