शुगर निघाली का?

उपास करावा तर गुपचूप, असं येशूने स्वच्छ सांगून ठेवलं आहे. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे ते. ढोंग्यांसारखं तोंड पाडून हिंडू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपास माणसांना कळणार नाही, स्वर्गातल्या पित्याला तेवढा कळेल. दरवर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, आमच्या चर्चमध्ये नेमकं हेच वाचन असतं. ते झालं की आम्ही सगळे रांगेत उभे राहतो आणि फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा ठळक काळा क्रूस काढतात. म्हणजे, उपास कोणाला कळू देऊ नका, आणि आता ही पाटी लावून कामाला जा.

यामागे खोल अर्थ आहे. फादर तो दरवर्षी समजावून सांगतात. पण तोवर माझं लक्ष लोकलच्या वेळेकडे लागलेलं असतं, त्यामुळे तो अजून माझ्यापर्यंत पोहोचायचा आहे.

२०२४ साली हा बुधवार १४ फेब्रुवारीला आला. लेडीज डब्यात निम्म्या मुली लाल कपड्यांत, हातात गुलाब, आणि मधे मी, 'तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील' हे नुकतंच ऐकून आलेली. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे दोनदा पाहिलं, पर्समधून रुमाल काढला आणि "काजळी लागलीय हो कपाळाला" म्हणत विचारायच्या आत अर्धा क्रूस पुसूनही टाकला. समोरच्या आजी मात्र जाणकार निघाल्या.

"अंगारा आहे तो. कुठल्या बाबांचा?"

"आमच्या फादरांचा."

"गुण येतो का?"

गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पाम संडेला, वाटलेल्या पानांची ही राख असते, वगैरे सांगायचं मनात होतं. पण आजींना माहिती नको होती, पत्ता हवा होता. मी चर्चचा पत्ता दिला.

आता त्या वर्षी मी सोडलेल्या चहाकडे येते. चहा सोडा असा चर्चचा काही नियम नाही. नियम तसे हलके आहेत. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोनच दिवशी रीतसर उपास, तोही कसा, तर एकदा पोटभर जेवण आणि दोनदा थोडंसं. शिवाय उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. उपासाचं बंधन अठरा वर्षं पूर्ण झाली की लागतं आणि साठावं लागलं की सुटतं. आमच्या सासूबाई सत्तरी ओलांडून बसल्यात, म्हणजे चर्चने त्यांना केव्हाच मोकळं केलं आहे. त्यांनी आम्हाला केलेलं नाही. याउपर प्रत्येकाने आपल्याला न सुटणारं काहीतरी सोडावं अशी रीत. नवऱ्याने सालाबादप्रमाणे मटण सोडलं. मुलाने गणिताचा क्लास सोडायची तयारी दाखवली. मी म्हटलं, चहा. यावर सासूबाईंनी "बघू या" एवढंच म्हटलं, आणि ज्या सुरात म्हटलं त्यानंतर मागे फिरण्याचा प्रश्नच उरला नाही.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर शेहेचाळीस दिवस भरतात. त्यातले सहा रविवार चाळिसात धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. धर्मशिकवणीतलं बाकी काही नवऱ्याच्या लक्षात राहिलेलं नाही, पण हे पाठ आहे. रविवारची चर्चमधली मिस्सा संपली की तो थेट मटणवाल्याच्या रांगेत. मी पडले अकाउंट्समधली बाई. सूट घेतली की मागाहून ऑडिट लागतं हे आमच्या अंगात मुरलेलं असतं. म्हणून रविवारीही चहा नाही.

खरी परीक्षा ऑफिसात होती. महाराष्ट्रात माणूस देवाला नको म्हणू शकतो, चहाला नाही. नास्तिकाला कोणी कारण विचारत नाही. चहा न घेणाऱ्याला सगळे विचारतात. पॅन्ट्रीतल्या गणेशला मी "नको" म्हटलं तेव्हा तो ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. चहा चांगला होत नाही का, आलं जास्त पडतं का, दूध बदललंय ते आवडलं नाही का, असं त्याने एकेक करून विचारलं. कारण सांगावं तर मत्तय आडवा येतो. मी आपली म्हणाले, "सोडलाय सध्या."

"सोडलाय सध्या" हे आपल्याकडे फक्त डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच होतं. दुपारी डबा खाताना कुलकर्णी मॅडमनी आवाज खाली आणून विचारलं, "शुगर निघाली का गं?"

नाही म्हटलं की 'अजून स्वीकारत नाहीये' असं समजायचं, हा या विषयातला सर्वमान्य संकेत आहे. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर स्टीलच्या बाटलीत कारल्याचा रस येऊ लागला. कुलकर्णी मॅडम पहाटे उठून माझ्यासाठी तो काढत होत्या, त्यामुळे परत पाठवणं माणुसकीला धरून झालं नसतं. पर्चेसमधल्या एकाने मेथीदाणे भिजवून घ्यायला सांगितलं, दुसऱ्याने जांभळाच्या बियांची पूड आणून दिली, आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक वाटताना ताट माझ्या नाकाखालून इतक्या अदबीने पुढे सरकवण्यात आलं की मला स्वतःचीच काळजी वाटू लागली. डोक्याला तेल मी लावतच होते, तोंडही धूत होते. पण कारल्याचा रस पोटात गेल्यावर तोंड पडू द्यायचं नाही म्हणजे काय करायचं, यावर सहावा अध्याय गप्प आहे.

संध्याकाळी घरी गेलं की सासूबाई गॅसजवळ उभ्या राहून गवती चहा, आलं आणि वेलची घालून स्वतःसाठी चहा उकळायच्या. घोट मोठ्याने घ्यायच्या. सैतानाने येशूला अरण्यात चाळीस दिवस मोहात पाडायचा प्रयत्न केला, पण गवती चहाचा वास त्याला सुचला नव्हता.

गौप्यस्फोट झाला ८ मार्चला. त्या दिवशी महाशिवरात्र, महिला दिन आणि आमचा उपवासकाळातला शुक्रवार असे तिन्ही एकत्र आले होते. मार्च महिना, अकाउंट्स खातं, त्यामुळे सुट्टीचा प्रश्न नव्हता. महिला दिनाचा केक आला तर निम्म्या महिलांना उपास. मग कुलकर्णी मॅडमनी डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी. मोकळी, जिरं-मिरची, वर ओलं खोबरं आणि भरपूर कूट. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि कळवळून म्हणाल्या, "तुला नाही देत हं. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. शुगरला विष."

चहा मी प्रभूसाठी सोडला होता. कारल्यासाठी खिचडी सोडायची माझी तयारी नव्हती. मी सगळं सांगून टाकलं.

आणि सभा भरली. प्रत्येक मराठी माणूस उपासाच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश असतो. पहिला प्रश्न, तुमच्यात उपासाला काय चालतं? मी म्हटलं, शुक्रवारी मांस नाही. "आणि अंडं?" चालतं. "मासे?" चालतात. टेबलाभोवती शांतता पसरली.

"म्हणजे पापलेट खाऊन उपास?"

खरं आहे. शुक्रवारी आमच्या वसईतल्या कित्येक घरांत सुरमईचा तुकडा तव्यावर चुरचुरत असतो आणि तोंडं मात्र त्यागाची असतात. मासे हे मांस नव्हे, हा जुना नियम आहे आणि त्याला जगभर फाटे फुटलेत. व्हेनेझुएलात कॅपिबारा नावाचा डुकराएवढा उंदीरकुळातला प्राणी पाण्यात डुंबतो, म्हणून त्याला माशांत जमा धरून उपवासकाळात खातात. आमच्याकडच्या म्हशीही दिवसभर डुंबतात, हे नवऱ्याच्या मते रोमला कोणीतरी कळवायला हवं.

मी हे सांगितल्यावर कुलकर्णी मॅडम म्हणाल्या, "मग तो उपास कसला!" तेव्हा मात्र माझ्यातला पोर्तुगीज काळ जागा झाला. मी त्यांच्या ताटाकडे बोट दाखवलं. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. यातली बरीच मंडळी समुद्रापार आणण्यात पोर्तुगिजांच्या जहाजांचा हात होता. त्याच पोर्तुगिजांनी १५३४ पासून चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेईपर्यंत आमच्याकडे मुक्काम ठोकला आणि आम्हाला चर्च दिलं. म्हणजे एकाच गलबतातून आम्हाला धर्म मिळाला आणि तुम्हाला उपासाचा मेनू. त्यातही जास्त चविष्ट माल कोणाच्या वाट्याला आला ते बघा. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण काही आम्ही केलेली नाही.

युक्तिवाद बिनतोड होता. पण कुलकर्णी मॅडमच्या भात्यातला शेवटचा बाण शिल्लक होता.

"ते सगळं राहू दे. चहा तर उपासाला चालतो! संकष्टीला मी चार वेळा पिते. जगातल्या कुठल्याच देवाला चहा नडत नाही. चहा सोडणं हा उपास नव्हे गं, तो आजारच."

खिचडी मिळाली. दोनदा मिळाली. पण मी उठल्यावर मागून "सांगायला लाजते बिचारी" हे शब्द ऐकू आले, आणि सोमवारी बाटली पुन्हा टेबलावर होती.

मंगळवारी, १२ तारखेला, रमजानचे रोजे सुरू झाले. आमच्या खात्यातले शेखभाई चहाच्या वेळी माझ्यासारखेच फायलीत तोंड घालून बसू लागले. इतके आठवडे झाले, मला एकही प्रश्न न विचारलेला ऑफिसातला तो एकमेव माणूस. मला फार बरं वाटलं. दोन उपाशी जीवांमध्ये एक मूक समज असते, वगैरे विचार मनात घोळत असताना त्यांनी माझ्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं.

"लोपीस मॅडम, तुमच्यात पाणी चालतं?"

"हो."

"दुपारचं जेवणसुद्धा?"

"हो."

"मग मजा आहे," ते म्हणाले, आणि व्हाउचर तपासू लागले.

दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट असते. येशूच्या क्रुसापर्यंतच्या शेवटच्या वाटचालीतली चौदा स्थानं, प्रत्येकापाशी प्रार्थना. लोकलच्या कृपेने मी पोहोचते ती बहुधा नवव्या स्थानाला, येशू तिसऱ्यांदा पडतो तिथे. आधीची आठ मी प्लॅटफॉर्मवर आणि डब्यात केलेली असतात, असं मी धरून चालते. त्या वर्षी प्रत्येक स्थानावर माझी एकच प्रार्थना होती, की कुलकर्णी मॅडमच्या भाजीवालीकडची कारली संपू देत.

ईस्टर आला ३१ मार्चला. ज्यांचा हिशेबाशी संबंध नाही त्यांना ही तारीख साधी वाटेल. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, आणि वार रविवार. सरकारी व्यवहार बघणाऱ्या बँकासुद्धा रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी उघड्या ठेवायला लावल्या होत्या, मग आमचं खातं काय बंद राहणार! आदल्या रात्री चर्चच्या अंगणातल्या विस्तवावर पेटवलेली मेणबत्ती हातात धरून पुनरुत्थानाची गाणी म्हटली. सकाळी सासूबाईंनी "केलंस की गं बाय" म्हणत गॅसकडे मोर्चा वळवला, आलं ठेचायलाही घेतलं. पण साहेबांचा फोन आधी आला आणि लोकल त्याच्याही आधी निघायच्या बेतात होती. मी चहाविना स्टेशन गाठलं.

ऑफिसात पोहोचल्या पोहोचल्या मी गणेशला हाक मारली. "गणेश, चहा!" पॅन्ट्रीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. पाच मिनिटांत तो आला, ट्रेमध्ये एकच कप, बशीसकट. मी डोळे मिटले, मनोमन प्रभूचे आभार मानले आणि मोठा घोट घेतला.

काढ्यासारखा कडू, साखरेचा कण नाही.

"मॅडम, तुमच्यासाठी वेगळं भांडं घेतलं," गणेश अभिमानाने म्हणाला. "कुलकर्णी मॅडमनी बजावून ठेवलंय, लोपीस मॅडमनी कधी चहा मागितलाच तर बिनसाखरेचा."

"गणेश, मला शुगर नाही."

"हो मॅडम," तो समजूत काढत म्हणाला.

पलीकडच्या टेबलावर शेखभाईंचे खांदे हलत होते. मी म्हटलं, "दुसरा आण. शेखभाईंच्या वाटणीची साखर पण त्यातच घाल."

गणेशने माझ्याकडे पाहिलं, शेखभाईंकडे पाहिलं, दाराबाहेर गेला आणि कुलकर्णी मॅडमना फोन लावला.