९९७ आलं म्हणजे सगळं आलं का?

‘छोटंसंच मॅपिंग आहे, दोन दिवसांत होईल ना?’ हे पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघालं तो मला एकदा भेटायला हवा. मी ईडीआयवाली: कंपन्यांच्या सिस्टिम एकमेकींना ऑर्डरी-बिलं ठरावीक साच्याच्या फाइलींत पाठवतात, प्रत्येक प्रकारच्या कागदाला एक नंबर, आणि त्यातला कुठला रकाना आपल्याकडे कुठे जाणार हे मी जुळवते. तेच मॅपिंग. काही करणार नाही त्याला. ८५६ची एक फाइल पुढ्यात ठेवीन आणि म्हणेन, घे, कर. दोन दिवस आहेत तुझ्याकडे.

८५६ म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना. तिच्यात एचएल नावाच्या सेगमेंटची, म्हणजे फाइलमधल्या ओळींची, अख्खी वंशावळ असते. वर शिपमेंट, तिच्या पोटात ऑर्डर, ऑर्डरखाली खोकी, खोक्यात माल, आणि प्रत्येकाने आपल्या बापाचा नंबर सांगायचा. एकाने चुकीचा बाप सांगितला की सगळं घराणं रिजेक्ट! आणि टेस्टला मला काय दिलं? एक ऑर्डर, एक आयटम, खोक्यांची पातळीच नाही. प्रॉडक्शनला पहिल्याच दिवशी खोकी आली आणि मॅप झोपला. ‘टेस्टिंग नीट केलं नव्हतं का?’ हे वर मलाच.

स्टँडर्ड नाही म्हणून हे होतं असंही नाही. अमेरिकेतल्या एक्स१२ स्टँडर्डची समिती १९७९ सालची, संयुक्त राष्ट्रांच्या एडिफॅक्टचा आयएसओ ९७३५ हा १९८७ साली मंजूर झालेला. इतक्या वर्षांत काय झालं, तर प्रत्येक पार्टनर कंपनीने आपापल्या नियमांची पोथी काढली. पोथीत लिहिणार ‘ऐच्छिक’. आपण ते सेगमेंट पाठवलं नाही की फाइल परत. का? तर ‘आमच्याकडे ते लागतंच.’ मग लिहा ना तसं!

सांगाड्याबद्दल मुळात माझी तक्रारच नाही. आयएसए बघा, फाइलचं पहिलंच सेगमेंट. १०६ अक्षरं, एक कमी नाही की जास्त नाही. चौथं अक्षर सांगतं एलिमेंट, म्हणजे सेगमेंटमधले रकाने, कशाने तोडायचे, १०६वं सांगतं सेगमेंट कुठे संपतो. पाठवणाऱ्याच्या आयडीला १५ जागा, आयडी लहान असेल तर उरलेल्या स्पेसने भरायच्या. इतकं सरळ. पण एका उंटावरच्या शहाण्याने मध्येच स्क्रिप्ट घुसवून ‘फालतू स्पेस’ काढून टाकल्या. फाइल म्हणे नीटनेटकी केली! पुढचा प्रोग्राम १०६व्या अक्षरावर जाऊन बघतो तर तिथे भलतंच काहीतरी. अर्धा दिवस मी माझाच मॅप उसवत बसले होते.

आणि ती एक्सेल. मॅपिंगचं स्पेक, म्हणजे कुठला रकाना कुठे जाणार त्याचा तक्ता, एक्सेलमध्ये, मास्टर डेटा एक्सेलमध्ये, नमुने एक्सेलमध्ये. खोक्यावरचा एसएससीसी नंबर १८ अंकी असतो. एक्सेल आकडा म्हणून धरते फक्त १५ अंक, पुढच्या तिघांची शून्यं करून मोकळी होते. आमची ६० खोकी होती. खोक्याखोक्यात फरक होता तो शेवटच्याच तीन अंकांत. म्हणजे एक्सेलमधून बाहेर येताना साठांचा नंबर एकच. कॉलम ‘टेक्स्ट’ करा, हे मी किती मेलमध्ये लिहिलं त्याची मोजदाद सोडून दिली आहे. सुरुवातीला शून्य असलेल्या बारकोडांचं तर बोलूच नका, ते शून्यच गायब.

पण डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते अर्थावरून. ८५०मध्ये, म्हणजे ऑर्डरमध्ये, ओळ आली, पीओ१*१*१०*सीए. सीए म्हणजे केस, पेटी. दहा केस. एका केसमध्ये २४ नग. स्पेकमध्ये क्वांटिटीसमोर लिहिलंय ‘डायरेक्ट’, म्हणजे आकडा जसाच्या तसा, युनिटचा रकाना कोरा. आमची सिस्टिम युनिट नसेल तर नग धरते. मी तीनदा विचारलं, केस की नग? तिन्हीदा उत्तर, ‘स्टँडर्डप्रमाणे.’ अहो, स्टँडर्डमध्ये केसचा सीए पण आहे आणि नगाचा ईए पण आहे! तुम्हाला त्यातलं काय हवंय ते स्टँडर्ड कसं सांगणार? शेवटी २४०च्या जागी दहा नग गेले, आणि खापर कोणावर फुटलं हे वेगळं सांगायला नको.

८१०मध्ये, म्हणजे बिलात, अशीच गंमत. ओळीतल्या दराला दशांशचिन्ह द्यायचं, आणि खाली टीडीएस नावाच्या सेगमेंटमधल्या (करातला टीडीएस नव्हे) एकूण रकमेला द्यायचं नाही. तिथे शेवटचे दोन आकडे पैसे-सेंट समजायचे. १२५०.५० लिहायचं १२५०५०. माहीत असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर बिल शंभर पटीने चुकतं. स्पेकमध्ये त्यावर एक ओळ? नाही.

मग तो कॉल. दहा-बारा जण, त्यातले आठ म्यूटवर. समोरून एक जण स्क्रीन शेअर करून विजयी मुद्रेने ९९७ दाखवतो. ‘बघा, एके५ सेगमेंटला ए आहे. अ‍ॅक्सेप्टेड. म्हणजे फाइल बरोबर होती, घोळ तुमच्याकडे.’ अरे बाबा, ९९७ ही पोचपावती आहे. सेगमेंट जागेवर आहेत, सक्तीचे रकाने भरलेत, एसई सेगमेंटमधली ओळींची मोजणी जुळतेय, इतकंच ती सांगते. केस की नग, दर बरोबर की चूक, माल भलत्याच गोदामाला चाललाय का, यातलं तिला ओ की ठो कळत नाही. ऑर्डर स्वीकारली की नाही हे सांगायला ८५५ आहे, आणि ते तुम्हीच ‘सध्या नको, नंतर बघू’ म्हणून प्रोजेक्टमधून काढायला लावलंत. मिनिट्समध्ये आहे ते. मी वाचून दाखवलं. कॉलवर शांतता. मग कुणीतरी म्हणालं, ‘हे ऑफलाइन घेऊ या.’

हे लिहितेय तोवर नवा मेल येऊन पडलाय. नवीन पार्टनर, ‘स्पेक जुन्याचंच वापरा, थोडासाच फरक आहे.’ कोणता थोडासा ते लिहिलेलं नाही. सोबत एक्सेल. उघडली. एसएससीसीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच मजकूर: १.२३ई+१७.