माझंच लिखाण, आणि चोरीचा शिक्का मलाच

काल लायब्ररीतून माझ्या पीएचडी थिसिसच्या वाङ्मयचौर्य तपासणीचा रिपोर्ट आला. आधी छापलेल्या मजकुराशी साम्य ३६ टक्के. चौथ्या आणि पाचव्या प्रकरणाची पानंच्या पानं लाल, म्हणजे साम्य सापडलेली. सोर्सच्या यादीत पहिल्या दोन नंबरांवर काय आहे, तर माझेच दोन पेपर! पहिलं नाव माझं, शेवटचं माझ्या गाइड सरांचं. पाच वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये फ्यूम हूडसमोर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटासमोर) उभं राहून, डोळे चुरचुरेपर्यंत पदार्थ वेगळे करणारे कॉलम चालवून जे काम मी केलं, ते मी चोरलंय म्हणे. आणि कोणाचं? माझंच!

डोकं फिरतं ते यासाठी की हे पेपर मी हौसेने छापले नव्हते. माझं रजिस्ट्रेशन २०१९ चं, म्हणजे मला यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१६ चे नियम लागू. थिसिस देण्याआधी रेफरीड (तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या) जर्नलमध्ये निदान एक पेपर आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं, ही त्यातली अट. २०२२ च्या नियमांत पेपरची सक्ती गेली, पण आमच्या वेळी होती. पेपर नसेल तर थिसिस घेणार नाही, आणि पेपर असेल तर तो थिसिसमध्ये सापडला म्हणून थिसिस परत. मग संशोधकाने करायचं काय? पेपरसाठी एक काम आणि थिसिससाठी दुसरंच, असं करायचं का?

वाङ्मयचौर्याबद्दलचा यूजीसीचा २०१८ चा नियम मला आता तोंडपाठ झालाय. १० टक्क्यांपर्यंत काही नाही. १० ते ४० असेल तर सुधारून पुन्हा द्या, मुदत जास्तीत जास्त ६ महिने. ४० च्या वर गेलं की वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही. ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. पण त्याच नियमात हेही आहे की रीतसर श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर मोजायचा नाही. ते कोणी वाचत नाही. २०२० साली यूजीसीने स्वतःचंच लिखाण पुन्हा वापरण्याबद्दल सूचना काढली, त्यातही हरकत आहे ती पुरेसा संदर्भ न देता वापरण्यावर. संदर्भ न देता! मी दोन्ही प्रकरणांच्या पहिल्याच पानावर तळटीपेत लिहिलंय की यातला भाग अमुक पेपरमध्ये प्रसिद्ध झाला आहे. एकच पेपर तीन ठिकाणी छापून बढतीसाठी गुण गोळा करणारे आहेत, त्यांना जरूर धरा. मी त्यांच्या रांगेत कशी?

काउंटरवरचे साहेब म्हणाले, "मॅडम, सॉफ्टवेअरला काय कळतं तुमचं की दुसऱ्याचं? थोडे शब्द बदला ना." अहो, सॉफ्टवेअरला कळत नाही म्हणून तर तिथे माणूस बसवलाय! स्क्रीनवर तो सोर्स वगळायची सोय आहे, मी डोळ्यांनी पाहिली. तर म्हणे, "तसं लेखी पत्र नाही आमच्याकडे."

शब्द बदला म्हणजे काय, ते सांगते. माझ्या प्रत्येक कंपाउंडखाली साधारण एकच वाक्य येतं: मिश्रण इथेनॉलमध्ये चार तास रिफ्लक्स केलं, टीएलसी या चाचणीने रिअ‍ॅक्शन पूर्ण झाल्याची खात्री केली, बर्फाच्या पाण्यात ओतून गाळलं आणि इथेनॉलमधून रिक्रिस्टलाइज केलं, म्हणजे पुन्हा स्फटिक करून शुद्ध केलं. अशी अठरा कंपाउंड्स. सलग १४ शब्दांपर्यंतचं साम्य माफ असतं, हे वाक्य इंग्रजीत त्याच्या पुढे जातं, की झालं लाल. एका मित्राने सुचवलं, 'रिफ्लक्स'ऐवजी 'उकळवलं' लिही. उकळवणं म्हणजे रिफ्लक्स नव्हे! रिफ्लक्समध्ये वर कंडेन्सर असतो, वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये येते. नुसतं उकळवलं तर इथेनॉल उडून जाईल. उद्या कोणी माझा थिसिस शोधगंगेवर (भारतातल्या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहात) वाचून तसं करायला गेलं तर त्याची रिअ‍ॅक्शन फसणार आणि खोटी मी ठरणार. एनएमआरचे (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीचे) आकडेसुद्धा लाल आलेत. ते कसे बदलू? आकडे बदलले तर ती खरी फसवणूक होईल.

बरं, प्रकाशकाची तरी हरकत असावी? दोन्ही पेपर एल्सेव्हिअरच्या जर्नल्समध्ये आहेत आणि ते सरळ सांगतात की लेखकाने आपला लेख थिसिसमध्ये घालायला वेगळी परवानगी नको, मूळ संदर्भ द्या. माझी मैत्रीण स्वीडनमध्ये पीएचडी करतेय. तिकडे छापलेले पेपर जसेच्या तसे थिसिसमध्ये बांधतात, पुढे त्यांना जोडणारं एक विस्तृत प्रकरण लिहायचं, त्याला ते 'कप्पा' (kappa) म्हणतात. तिला माझी अडचण समजावून सांगायलाच अर्धा तास गेला.

फेलोशिपची पाच वर्षं कधीच संपलीत. घरून पैसे मागवून खोलीचं भाडं भरतेय. सरांनी दोन्ही पेपर माझ्याच कामाचे असल्याचं सहीचं पत्र दिलंय. सोमवारी ते, तळटीपांची पानं आणि २०१८ चा नियम घेऊन मी थेट कुलसचिवांच्या कार्यालयात जाणार आहे, आणि मागेन ते लेखी उत्तरच मागेन. तोपर्यंत त्या दोन प्रकरणांतला एक शब्द मी बदलणार नाही.