घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हे मावशीला कोणी सांगितलं?

मावशी यंदाही चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणार आहे. अमळनेरहून धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी आणि मग घाट. दीडशे किलोमीटरच्या वर चाल. परवा रात्री तिचा फोन आला, "ते ओआरएसचे पुडे आणू नको रे. मेसेजमध्ये लिहेल आहे, खिशात कांदा ठेवला की झालं." पाठोपाठ तो मेसेजही आला: 'गडावर पायी जाणाऱ्यांसाठी उन्हाचे ७ नियम, मोठ्या डॉक्टरांचा सल्ला'. डॉक्टरांचं नाव कुठेच नाही. आमच्या भावकीच्या तीन ग्रुपवर तो आला आहे आणि दिंडीतली म्हातारी माणसं तो एकमेकांना वाचून दाखवताहेत. म्हणून लिहायला बसलो.

कांद्यावर वेळ घालवत नाही. भाकरीबरोबर खा, चांगलाच आहे. खिशातला कांदा अंगातली उष्णता ओढून घेत नाही. पहाटे चाला, डोक्याला पांढरा रुमाल बांधा, हे दोन नियम बरोबर आहेत. फक्त अंधारात महामार्गाच्या कडेने चालताना पाठीवर चमकणारी पट्टी लावा, हे त्यात नाही.

'चालताना पाणी पिऊ नये, मुक्कामाला पोचल्यावरच प्यावे.' हे साफ चूक. घामावाटे जाणारं पाणी मुक्कामाची वाट बघत नाही. यात एक अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो: दिवसभर नुसतं साधं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं. त्यावर उपाय तहान मारणं हा नाही. ताक, कैरीचं पन्हं किंवा ओआरएस प्या. मोठा पुडा पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचा, पेल्यात अर्धा टाकून नाही. पुडा नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

'आपण खान्देशी, आपल्याला ४२ अंशांत काही होत नाही.' रोज शेतात राबणाऱ्याचं शरीर उन्हाला सरावतं, हे खरं. पण त्या सरावाला आठवडा-दोन आठवडे लागतात. सुरतेहून, पुण्याहून रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी दिंडीत शिरणाऱ्या पोरांना तो कुठून असणार? चैत्र पौर्णिमा २०२४ ला २३ एप्रिलला होती, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. आणि ४२ वर तरी का अडायचं? १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या कार्यक्रमात माणसं उन्हाने दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आत होता. तिथली हवा दमट होती. शिवाय ती माणसं बसलेली होती, घाट चढत नव्हती.

आता ज्या दोन नियमांनी माझं डोकं फिरलं, ते. 'घाम येत असेल तोवर उष्माघात नाही' आणि 'कोणी पडले तर अंगावर पाणी ओतू नये, नस फाटते. पांघरूण घालून क्रोसिन द्यावी'.

मागच्या खेपेला मालेगाव सोडल्यावर आमच्या पुढच्या दिंडीतला एक पोरगा रस्त्याच्या कडेला बसला. विशीचा असेल. शर्ट पिळून काढावा इतका घामाने भिजलेला. सगळे म्हणाले, घाम येतोय, काही नही व्हत. मी जवळ गेलो तर तो वाकून बुटाची नाडी बांधत होता. नवसाची चाल होती, पायात बूटच नव्हते. अनवाणी पायावर दोन्ही हातांच्या बोटांनी गाठ मारत होता, सोडत होता, परत मारत होता. गाव विचारलं तर काहीतरी भलतंच बोलला. कोणीतरी गोधडी आणली.

कोरडी, तापलेली कातडी हे लक्षण घरात उकाड्याने आजारी पडणाऱ्या म्हाताऱ्यांत दिसतं. चालून, राबून ज्याला उष्माघात होतो तो घामाने निथळत असू शकतो. त्यामुळे घाम बघत बसू नका, भान बघा. बरळणं, तोल जाणं, ओळख विसरणं, झटका येणं, आणि अंग तापलेलं. शरीराच्या आतलं तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिटाला मेंदू, यकृत, मूत्रपिंड भाजत असतात.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या गंभीर उष्माघातावरच्या सूचना तेच सांगतात: ताबडतोब थंड करा. सैनिकांवर आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंवर उपचार करणारे डॉक्टरही आधी गार करतात, मग हलवतात. सावलीत न्या, कपडे सैल करा, १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा. मान, काखा, जांघा ओल्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंब घालू नका. क्रोसिनचा इथे उपयोग नाही. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो, गोळी ते खाली आणते. उष्माघातात मेंदूने काही वाढवलेलंच नसतं, आणि यकृतावर आधीच भार असतो.

आम्ही गोधडी बाजूला फेकली आणि रथामागच्या टँकरचा पाइप त्याच्यावर धरला. दोघं जण उपरण्याने वारा घालत होते. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याने स्वतःचं नाव सांगितलं होतं. तो वाचला. त्या दिवशी हा मेसेज कोणाच्या मोबाईलवर असता तर पाइप धरायला मला किती जणांशी भांडावं लागलं असतं?

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. पुडे न्यायला ती तयार झाली आहे. दिंडीप्रमुखांना एक विनंती: रथात पाठीवरचा फवारणी पंप भरून ठेवा. आपल्या कोरड्या हवेत बारीक फवारा आणि वारा मिळून अंग झपाट्याने गार होतं. पंप मात्र नवाच घ्या, कपाशीवर औषध मारलेला कितीही धुतला तरी चालणार नाही.