मॉनिटर ‘डोळे झाकून घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्द्यामुद्द्याने उत्तर

गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय, मला तो तीन ग्रुपवर आला आणि काल मामेभावाने तोच पाठवून विचारलं, "दादा, हे बघून ऑर्डर टाकतोय, टाकू ना?" त्याला म्हटलं थांब जरा, आणि उत्तर टाइप करायला घेतलं तर ते एवढं लांबलं की आता सगळ्यांसाठीच लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा आहे. कमी बजेटमध्ये गेमिंग आणि रोजचं काम दोन्हीला चालेल असा मॉनिटर हवाय तर जास्त डोकं लावू नका. पैशात बसेल तो सगळ्यात मोठा घ्या, किमान २७ इंच, फुल एचडी पुरतं. खोक्यावर १ एमएस (मिलीसेकंद) लिहिलेलंच पाहिजे. एचडीआर असलाच पाहिजे. कर्व्हड घ्या, डोळ्यांना त्रास होत नाही. हर्ट्झ जितके जास्त तितकं चांगलं. आणि एवढं करूनही महाग वाटलं तर सरळ टीव्ही लावा, तेवढ्यातच मोठा स्क्रीन. शेवटी, ‘डोळे झाकून घ्या’.

यातला हर्ट्झचा (स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो त्याचा) मुद्दा बऱ्यापैकी बरोबर आहे. बाकीचे वाचून मला खरंच काळजी वाटली, कारण कमी बजेटवाला माणूस मॉनिटर एकदा घेतो आणि मग पाच-सात वर्षं त्याच्यासमोर बसतो. आणि कमी बजेटच्या मॉनिटरचं असं असतं की खोक्यावर जे सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते बऱ्याचदा सगळ्यात कमी कामाचं असतं, पैसे कुठे वाचवलेत हे मात्र छापलेलं नसतं. ते आपणच शोधायचं.

"सगळ्यात मोठा घ्या, फुल एचडी पुरतं." इथे मी स्वतः अडकलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ७४ हजार पिक्सेल. स्क्रीन २४ इंची असो नाहीतर ३२ इंची, पिक्सेल तेवढेच. म्हणजे मोठा स्क्रीन घेतला की एक्सेलच्या जास्त ओळी दिसतील असं जे वाटतं ना ते चूक आहे, ओळी तेवढ्याच दिसतात, फक्त फुगलेल्या दिसतात. एका इंचात किती पिक्सेल बसतात ते बघा, त्याला पीपीआय म्हणतात: २४ इंचीला साधारण ९२, २७ इंचीला ८२, ३२ इंचीला ६९. विंडोज १०० टक्के स्केलिंगवर, म्हणजे अक्षरं मोठी न करता, इंचाला ९६ हा हिशोब धरून चालतं, त्यामुळे २४ इंची फुल एचडीवर अक्षरं मापात वाटतात आणि २७ वर तीच जाडी-भरडी होतात, कडा दातेरी दिसतात, हात-दीड हातावर बसलात तर अजूनच.

मी चार वर्षांपूर्वी २७ इंची फुल एचडी घेतला होता. पहिले दोन दिवस भारी वाटलं, गेम मोठा दिसतोय, सिनेमा मोठा दिसतोय. तिसऱ्या दिवशी आठ तास कामाला बसलो आणि संध्याकाळी लक्षात आलं की मी खुर्ची मागे मागे ढकलत चाललोय. फॉन्ट बदलले, क्लिअरटाइप (विंडोजची अक्षरं नितळ करणारी सोय) दोनदा सेट केलं, ब्राइटनेस वरखाली केला, काही फरक नाही, कारण जे पिक्सेल मुळात नाहीतच ते सेटिंगमधून कुठून येणार. मॉनिटरमध्ये बिघाड काहीच नव्हता, माझ्या कामाला तो चुकीचा होता एवढंच.

२७ इंची हवाच असेल तर १४४०पी घ्या, म्हणजे २५६० गुणिले १४४०. तिथे पीपीआय १०९ होतो, अक्षरं कोरीव दिसतात आणि दोन विंडो शेजारी शेजारी नीट बसतात. पण इथे दुसरी बाजू सांगायलाच हवी, १४४०पी म्हणजे फुल एचडीच्या पावणेदोन पटीहून थोडे जास्त पिक्सेल, आणि ते सगळे प्रत्येक फ्रेमला (गेमच्या एकेका चित्राला) ग्राफिक्स कार्डालाच रंगवायचे असतात. कार्ड जुनं असेल किंवा प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवत असाल तर फ्रेम्स दणकन खाली येतील. गेम १०८०पीवर उतरवून खेळू म्हणाल तर चित्र धूसर होतं, कारण एक पिक्सेल सव्वा-दीडच्या मधल्या कुठल्यातरी मापाने ताणला जातो, पूर्ण पटीत बसत नाही. डीएलएसएस किंवा एफएसआर ही चित्र मोठं करणारी तंत्रं चालत असतील तर गोष्ट वेगळी, त्यात गेम आतून कमी रिझोल्यूशनवर चालतो पण स्क्रीनवरची अक्षरं आणि नकाशे पूर्ण रिझोल्यूशनवरच राहतात. म्हणून माझं मत साधं आहे, कार्ड कमजोर तर २४ इंची फुल एचडी, कार्ड दमदार तर २७ इंची १४४०पी. मधला २७ इंची फुल एचडी फक्त त्याला, जो लांब बसून कंट्रोलरवर खेळतो आणि वाचन-लिखाण फारसं करत नाही.

"१ एमएस लिहिलेलंच घ्या." हा आकडा खोटा असतोच असं नाही, पण तो कशाचा आहे हे मेसेजमध्ये कुठेच नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्याने विकल्या जातात. एक जीटीजी, म्हणजे पिक्सेल एका राखाडी छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला किती वेळ घेतो, आणि तिथे सहसा सगळ्यात वेगवान उडीचा वेळ छापतात, सगळ्या उड्यांची सरासरी नाही. तोही बऱ्याचदा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जोर देऊन पळवणारं सेटिंग) पूर्ण चढवून मोजलेला असतो, ज्या सेटिंगवर हलणाऱ्या वस्तूमागे उलट रंगाची पांढुरकी सावली दिसायला लागते, त्यामुळे प्रत्यक्षात तुम्ही ते सेटिंग वापरणारच नाही. दुसरा एमपीआरटी, म्हणजे हलतं चित्र डोळ्याला किती वेळ धूसर दिसतं. हा पिक्सेलचा वेगच नाही, यात बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) चालू-बंद करून धूसरपणा कमी करतात. ते चालू केलं की ब्राइटनेस पडतो आणि बहुतेक मॉनिटरवर फ्रीसिंक (मॉनिटरचे हर्ट्झ कार्डाच्या फ्रेम्सशी जुळवून घेणारी सोय) सोबत चालतच नाही. म्हणजे १ एमएस आणि फ्रीसिंक दोन्ही खोक्यावर आहेत, पण एका वेळी एकच मिळणार.

यापेक्षा पॅनल (चित्र दाखवणारा पडदा) व्हीए, आयपीएस, टीएन यातलं कुठलं ते विचारा, सगळं त्यात आहे. व्हीए पॅनलमध्ये काळा रंग छान गडद, कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते) साधारण ३०००:१, अंधाऱ्या खोलीत सिनेमाला मस्त. पण स्वस्त व्हीएमध्ये काळ्याकडून गडद राखाडीकडे जाणारी उडी फार संथ असते, त्यामुळे अंधाऱ्या गेममध्ये कॅमेरा फिरवला की काळा डाग फासल्यासारखा मागे ओढला जातो, आणि काळ्या थीमवर मजकूर स्क्रोल करतानाही तेच. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास, रात्री कोपऱ्यात पांढुरकी चमक दिसते, पण रंग बाजूने बघितलं तरी टिकतात आणि हालचाल सगळीकडे सारखी राहते. टीएन वेगवान असतं पण मान जरा खाली घातली की रंग उलटेपालटे, कामासाठी नकोच. काम आणि गेम दोन्ही एकाच स्क्रीनवर करायचं असेल तर मी आयपीएसच सांगेन, दिवस-रात्र फक्त अंधारात सिनेमे बघणारा असेल तर व्हीए.

"एचडीआर असलाच पाहिजे." एचडीआर म्हणजे एकाच चित्रात खूप झगमगतं आणि खूप काळं दोन्ही दाखवणं. स्वस्त मॉनिटरवर एचडीआर१० लिहिलंय म्हणजे तो एचडीआरचा सिग्नल घेऊ शकतो, दाखवू शकतो असं नाही. दाखवायला एक तर भरपूर ब्राइटनेस लागतो आणि दुसरं म्हणजे स्क्रीनचा एक भाग झगमगता आणि शेजारचा भाग काळा ठेवायची सोय लागते, २५०-३०० निट्सच्या (निट्स हे ब्राइटनेसचं माप) एकसंध बॅकलाइटवर ते होणार कसं? व्हेसा या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआरच्या पायऱ्या ठरवल्या, त्यातली सगळ्यात खालची ४००, आणि तिलाही लोकल डिमिंगची (बॅकलाइट भागाभागाने कमी-जास्त करण्याची) सक्ती नाही. कमी बजेटच्या मॉनिटरवर विंडोजमध्ये एचडीआर चालू करून बघा, डेस्कटॉप फिकट पडतो आणि आपण परत बंद करतो. या एका शब्दासाठी जादा पैसे देऊ नका, त्यापेक्षा रंगांचा आकडा बघा, एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवतो ते सांगणारी मापं. ४५ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर रंग निस्तेज, लाल केशरट दिसेल. ७२ टक्के एनटीएससी किंवा ९९ टक्के एसआरजीबी असेल तर फोटो, व्हिडिओ, गेम सगळं ठीक दिसतं.

"कर्व्हड डोळ्यांना चांगला." १५००आर म्हणजे १५०० मिलीमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ३४ इंची रुंद स्क्रीनला याचा अर्थ आहे, कडा खरंच लांब जातात. २४-२७ इंचीला फारसा काही फरक पडत नाही, उलट ड्रॉइंग किंवा टेबलच्या सरळ रेषा बघणाऱ्याला सुरुवातीला खटकतं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, स्वस्तातले कर्व्हड जवळजवळ सगळे व्हीए असतात. म्हणजे कर्व्ह निवडताना तुम्ही नकळत पॅनलही निवडलेलं असतं.

डोळ्यांचाच विषय निघालाय तर, डोळे दुखतात ते मुख्यतः आपण स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतो म्हणून, आणि अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस १०० वर ठेवतो म्हणून. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघा, ब्राइटनेस खोलीतल्या उजेडाशी जुळवा. मॉनिटर निवडताना फक्त फ्लिकर-फ्री आहे का ते बघा, काही स्वस्त मॉनिटर ब्राइटनेस कमी करायला बॅकलाइट भरभर चालू-बंद करतात आणि काही जणांचं त्याने डोकं दुखतं. आणि स्टँडची उंची! बहुतेक स्वस्त स्टँड फक्त पुढे-मागे कलतात, वर-खाली होत नाहीत, मग मान दुखते आणि दोष स्क्रीनला देतो आपण. मागे ७५ किंवा १०० मिलीमीटरची व्हेसा भोकं आहेत का बघा, म्हणजे पुढे कधीतरी आर्म लावता येईल.

"हर्ट्झ जितके जास्त तितकं चांगलं." हे मान्य, पण फायदा सारखा वाढत नाही. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलीसेकंद स्क्रीनवर राहते, १०० ला १०, १४४ ला ६.९, २४० ला ४.२. म्हणजे ६० वरून १४४ ला गेलात की जवळजवळ १० मिलीसेकंद वाचतात आणि १४४ वरून २४० ला तीनही नाहीत. ६० ते १०० हा फरक तर नुसता माऊस हलवला, पान स्क्रोल केलं तरी जाणवतो, त्यामुळे गेम न खेळणाऱ्यालाही मी १०० हर्ट्झ घे असंच सांगतो. पण कार्ड ७० फ्रेम्स देतंय आणि मॉनिटर २४० चा, तर ते पैसे आयपीएसला किंवा १४४०पीला लावलेले बरे.

फ्रेम्स कमी-जास्त होत असतील तर फ्रीसिंक जास्त कामाचं आहे. २०१९ च्या जानेवारीपासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० सीरिज आणि पुढची कार्डंही डिस्प्लेपोर्ट केबलवरून अशा मॉनिटरवर चालतात, त्यामुळे ‘माझं कार्ड एनव्हिडियाचं आहे’ म्हणून सोडू नका. फक्त रेंज बघा, म्हणजे फ्रीसिंक किती ते किती हर्ट्झमध्ये चालतं. ४८ ते ७५ अशी अरुंद असेल तर फ्रेम्स ४८ च्या खाली गेल्या की सगळं संपलं, ४८ ते १४४ असेल तर खाली गेल्यावर तीच फ्रेम दोनदा दाखवून सांभाळून घेतलं जातं.

आणि कळकळीने सांगतो, नवीन मॉनिटर लावल्यावर विंडोज तो बऱ्याचदा ६० वरच चालवतं. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये अॅडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन आकडा बदला. माझ्या एका मित्राने वर्षभर १४४ चा मॉनिटर ६० वर वापरला, मी सहज बघितलं तेव्हा कळलं. तिथे मोठा आकडा दिसतच नसेल तर केबल आणि पोर्ट बघा, बऱ्याच मॉनिटरवर पूर्ण हर्ट्झ फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतात आणि एचडीएमआयवर कमी.

"टीव्ही लावा." सोफ्यावर बसून कंट्रोलरने खेळायचं असेल तर लावा की, गेम मोड चालू करा, मजा येते. टेबलावर कामाला मात्र नको. ३२ इंची स्वस्त टीव्ही बऱ्याचदा १३६६ गुणिले ७६८ चे असतात, म्हणजे इंचाला ४९ पिक्सेल, २४ इंची फुल एचडीच्या जवळपास निम्मे. शिवाय बरेच टीव्ही रंगाची माहिती पाव तपशिलातच दाखवतात, त्याला ४:२:० म्हणतात. सिनेमात ते कळत नाही पण पांढऱ्यावर लाल-निळी अक्षरं बघा, कडा विरघळल्यासारख्या दिसतात. ४३ इंची ४के टीव्ही ४:४:४ (रंगाची पूर्ण माहिती) देत असेल तर विचार करता येईल, पण मग टेबल तेवढं खोल पाहिजे.

मामेभावाचं कार्ड जुनं आहे आणि दिवसभर त्याला कोडिंग करायचंय, तर त्याला मी सांगितलं: २४ इंची, आयपीएस, फुल एचडी, १०० हर्ट्झ किंवा वर, ९९ टक्के एसआरजीबी, फ्लिकर-फ्री, व्हेसा भोकं. आला की परत करायची मुदत आहे तोवर रात्री दिवे घालवून पूर्ण काळा स्क्रीन लाव आणि कोपरे बघ, मग पांढरा, लाल, हिरवा, निळा लावून मेलेला पिक्सेल आहे का बघ, आणि मग काळ्या थीमवर एखादं लांब पान भरभर स्क्रोल कर. खोकं आणि थर्माकोल तोपर्यंत टाकू नकोस.